रंगनाथसाठी दोन मिनिटं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – ती बिचारी शेवटपर्यंत मला सरळ माणूस समजत राहिली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही रंगनाथला ओळखत नाही. ओळखणारे आता फारसे उरलेही नाहीत, आणि त्यात थोडा माझा हात आहे.

रंगनाथ मूकपटांतला नायक. बोलपट यायच्या आधीची पाच-सहा वर्षं पुण्यात नुसत्या त्याच्या नावावर थिएटर भरायचं. हडपसरकडच्या एका मळेकऱ्याचा मुलगा – अंग कमावलेलं, आणि डोळे असे, की शब्दांची गरजच पडू नये. मी पेठेतला, चार इयत्ता जास्त शिकलेला, हौशी नाटकांत स्वच्छ वाणीसाठी नावाजलेला. पण मूकपटात वाणीला कोण विचारतो? मला काम मिळालं ते त्याच्या जागी उड्या मारायचं. दोघांची उंची सारखी, पाठ सारखी. कॅमेरा मागून असला की मी, पुढून असला की तो.

एका चित्रपटात घोड्यावरून खंदक ओलांडायचा होता. मी ओलांडला आणि पलीकडे पडून खांद्याचं हाड मोडून घेतलं. चित्रपट लागला तेव्हा आईला घेऊन गेलो. त्या उडीला सगळं थिएटर उभं राहिलं. आई म्हणाली, "काय धाडसी मुलगा आहे हो हा." तो मी आहे, असं मी तिच्या कानात सांगितलं. असेल, म्हणाली, पण मला तर त्याचाच चेहरा दिसला.

तुम्ही काय केलं असतं? मी हसलो. पण आत काहीतरी आंबायला लागलं, ते त्या दिवसापासून.

तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. माझा हात गळ्यात बांधलेला होता तेव्हा तो रोज घरी यायचा, भेटेल त्याला सांगायचा – उडी यानं मारली, मी नव्हं. मला तेही सहन होईना. मोठेपणसुद्धा त्याचंच?

मग बोलपट आले. खरं सांगतो, मला आनंद झाला. रंगनाथचा आवाज बारीक, बोलणं सगळं 'हाय' आणि 'न्हाय'. त्याच्या आवाजाची चाचणी झाली तेव्हा मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो. लोक तोंड फिरवून हसले. त्याचं काम सुटलं. वाटलं, आता माझी पाळी – पण त्यांना गाणारे हवे होते, आणि मला सूर नाही. तो खडकीला कारखान्यात फिटर झाला, मी शाळेत मास्तर. तरीही स्वारगेटला आम्ही बसची वाट बघत असलो की कुणीतरी थबकायचं, त्याच्याकडे निरखून बघायचं. माझी पाठ कोण ओळखणार?

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी एक तरुण प्राध्यापक शाळेत मला शोधत आले. मूकपटांतल्या जुन्या कलावंतांचा सत्कार करायचा होता. माझं नाव त्यांना कुठल्याशा यादीत तळाला सापडलं होतं. मी खूश झालो. मग ते म्हणाले, "आणि रंगनाथराव कुठे असतात? खरं तर त्यांच्यासाठीच हा सगळा घाट."

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर मी पत्ता दिला असता? कदाचित – नाही, ते 'कदाचित' खोडतो. तरीही नसताच दिला.

"ते वारले," मी म्हणालो. "चार वर्षं झाली."

आदल्याच रविवारी मी त्याच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन आलो होतो.

समारंभात मला शाल मिळाली. मग दिवंगत रंगनाथरावांसाठी सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं. मीही राहिलो, मान खाली घालून. काय वाटलं म्हणता? लाज? नाही. बरं वाटलं. लोकांच्या आणि माझ्यामध्ये पहिल्यांदाच तो नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन दारात. हसत होता. "मी मेलोय म्हनं. आन तू बी हुबा ऱ्हायलास?" मी सांगितलं, त्या लोकांचा घोटाळा झाला, मी सांगत होतो, कुणी ऐकलं नाही. त्याला पटलं. वहिनींना – त्याच्या बायकोला – ते छापलेलं फार अभद्र वाटलं होतं, दोन दिवस जेवल्या नव्हत्या. तेव्हा तू पेपरला पत्र लिही, म्हणाला, तुझी भाषा चांगली. मी त्याच्यासमोर लिहिलं, वाचून दाखवलं. मान डोलावून तो गेला. पत्र मी टेबलाच्या खणात टाकलं.

दोनदा त्यानं विचारलं. पेपरात जागा नसते रे, असं मी सांगितलं. तिसऱ्यांदा तो स्वतःच म्हणाला, "जाऊ दे. तुला ठावं हाय न्हवं मी जिता हाय? बास झालं."

त्याला कळलं होतं का? मला माहीत नाही. तो येत राहिला, तसाच.

दोन वर्षांनी तो खरंच गेला, छातीत कळ येऊन. कारखान्यातले चार-पाच जण आणि मी, एवढेच होतो. वहिनींनी मला पेपरात बातमी द्यायला सांगितलं. मी गेलो. तिथल्या कारकुनानं माझी चिठ्ठी वाचली आणि चष्मा वर केला. "हे मूकपटातले ना? ते मागेच वारले. आम्हीच छापलं होतं की." पेन्सिल हातात धरून तो माझ्याकडे बघत थांबला. एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हणालो. "माझीच काही गडबड झाली."

चिठ्ठी परत घेतली, जिना उतरलो. वहिनींना सांगितलं, येईल उद्या-परवा. त्यांना वाचता येत नव्हतं. पुढे आठवडाभर त्या रोज पेपर आणवून शेजारणीकडून वाचून घेत होत्या.