उद्या आपण बोलायचं

"निघालात का बाहेर?" एडिटरमध्ये कोड लिहिता लिहिता कुणी टर्मिनलसाठी वेगळी खिडकी उघडली, की आमचे सीनियर मान न वळवता एवढंच विचारायचे. टर्मिनल म्हणजे संगणकाला हुकूम सोडायची ती काळी चौकट. ती एडिटरच्या आतच, खालच्या बाजूला उघडी असावी असा त्यांचा हट्ट. "घरात नळ आहे ना? मग बाहेर कशाला जाता?"

असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. बोलायला कोरडा, पण शेजारी बसला की धीर वाटावा असा. मी अमरावतीहून बाणेरच्या त्या कंपनीत आलो, प्रोबेशनवर होतो, आणि मला जवळ केलं ते त्यांनीच. वॉचमनपासून साहेबांपर्यंत ते सगळ्यांना 'आपण' म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, आपण चहा घेणार का? आमच्याकडे आपण म्हणजे तुम्ही आणि मी. मी उठलो, ते बसूनच. ते चहा पीत नसत.

एडिटरच्या आत चालणारी टर्मिनलं निरनिराळी मिळतात. टीमने एकच वापरायचं ठरलं आणि निवडीचं काम साहेबांनी आम्हा दोघांवर सोपवलं. शेवटी दोन उरली. एक आयतं चालायचं, पण मजकूर जास्त आला की धापा टाकायचं. दुसरं सुसाट, फक्त प्रत्येक लॅपटॉपवर खटपट करून बसवावं लागे. सीनियरांना दुसऱ्याचं भारी कौतुक. पहिल्याला ते 'पेशंट' म्हणत. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये म्हणाले, "उद्या आपण बोलायचं. कचरायचं नाही."

मी खुशीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी बोललो, आणि बरं बोललो. साहेबांनी विचारलं, एखाद्याच्या लॅपटॉपवर हे बसलं नाही तर निस्तरणार कोण? मी म्हणालो, आम्ही दोघं. सीनियर चष्मा पुसत होते.

"माझं मत पहिल्याला आहे," ते म्हणाले. "यांना जरा घाई झालेली दिसते."

टीमसाठी पहिलं ठरलं, आणि कायम होण्याऐवजी माझं प्रोबेशन वाढलं. जिन्यात मी त्यांना गाठलं. आपण बोलायचं असं तुम्हीच म्हणाला होतात, याची आठवण दिली.

"म्हणालो की," ते म्हणाले. "आपण बोललात."

पुण्यात राहून आता मलाही असे टोमणे जमतात, पण त्या दिवशी मी तसाच जिना उतरून गेलो. ज्याच्या भरवशावर मी उभा राहिलो, त्याने मला व्याकरणात गाठून मारलं होतं. ते अजून सलतं. पुढे ते टीमचे प्रमुख झाले, केबिनमध्ये गेले. आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

मग त्यांनी नोकरी बदलली. निरोपाचा केक कापला गेला, मीही टाळ्या वाजवल्या. त्यांचा लॅपटॉप नव्या माणसासाठी रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. सवयीने आधी एडिटर उघडला. खाली टर्मिनल होतं ते दुसरं, सुसाट चालणारं. पहिलं त्यांनी कधी उघडलेलंही दिसत नव्हतं. आम्ही सगळे त्या पेशंटबरोबर दिवस काढत होतो, आणि ते दार लावून मी मांडलेलं वापरत होते.