लाल पट्टी

क्रांती खिल्लारे औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करायची. जागा कमी, पण वाचणाऱ्याची चूक होता कामा नये, असं ते काम. लॉकडाऊनमध्ये कामोठ्याच्या तिच्या सोसायटीत एका पाटीवर तीन फूट अंतर होतं, दुसरीवर सहा, आणि लिफ्टमध्ये नुसतंच 'अंतर ठेवा'. लोक गोंधळायचे, एकमेकांवर खेकसायचे. क्रांतीने आपणहून सगळ्या पाट्या नव्याने केल्या. जमिनीवर पिवळी पावलं, म्हणजे इथे उभं राहा. लाल आडवी पट्टी, म्हणजे आत जाऊ नका. गेटपासून गच्चीपर्यंत तोच आकार, तेच शब्द. भांडणं थांबली.

"काम एक नंबर हाय तुमचं," चेअरमन कमळाकर ठाकूर म्हणाले.

पुढे तिच्या वडिलांचा, शिवरामांचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. संध्याकाळी दारावर लाल पट्टी चिकटलेली होती. तिने चेअरमनना फोन लावला.

"दादा, ती सोसायटीच्या बंद हॉलसाठी केली होती. कुणाच्या घरासाठी नाही."

"लोकांना बघितल्याबरोबर कळतं ना? मग झालं."

दूधवाला पिशवी खालीच ठेवून जाऊ लागला. शेजारच्या संध्याताईंनी दार उघडणंच बंद केलं.

चौथ्या दुपारी शिवरामांना श्वास पुरेना. ॲम्ब्युलन्स गेटबाहेर थांबली. स्ट्रेचर आत आणू द्यायला वॉचमनने नकार दिला. क्रांती आणि तिची आई गिरजाबाई, दोघींनी मिळून त्यांना लिफ्टने खाली आणलं. लॉबीत भाजीची रांग होती. तिथेच शिवरामांचे पाय गळाले, ते फरशीवर कोसळले.

"कुनीतरी हात लावा हो," गिरजाबाई म्हणाली.

रांगेतला प्रत्येक जण आपापल्या पिवळ्या पावलांवर उभा होता. कुणी हललं नाही. एकाने मोबाइल वर धरला.

मायलेकींनी त्यांना ओढत गेटपर्यंत नेलं. हॉस्पिटलात ते दोन दिवस जगले.

क्रांतीने पट्टी नखांनी खरवडून काढली. नंतर पलीकडच्या सोसायटीने तिच्या पाट्या मागितल्या. तिने दिल्या, फक्त लाल पट्टीखाली एक ओळ वाढवली: 'ही पट्टी राहत्या घराच्या दारावर लावू नये.'

छापून आल्या तेव्हा ती त्या सोसायटीत बघायला गेली. पहिल्या मजल्यावर एका दारावर पट्टी होती. खालची ओळ कापलेली.

"मापात बसत नव्हती, मॅडम," तिथला सेक्रेटरी म्हणाला.

आतून कुणीतरी खोकलं. क्रांतीने बेल वाजवली आणि सेक्रेटरी मागे सरकत जिन्यापाशी गेला.