गव्हाच्या कोठीतला चोरीचा फोन

माझं कोणी ऐकलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नवऱ्याने ऐकलं नाही, लेकीने तर टीव्हीचा आवाज वाढवला. ज्यांनी ऐकलं त्या आमच्या गल्लीतल्या बायका, अन् त्या आता नळावर मला बघून हंडा दुसऱ्या कडेवर घेतात.

चहा घ्या आधी. मग मी कशी माती खाल्ली ते सांगते. हसू आलं तर हसा, मला आता त्याचं काही वाटत नाही.

आम्ही जळगावात राहतो. आमचे हे डाळ मिलमध्ये कामाला. मुलगी एकच, जयश्री. शिकलेली, शिकवण्या घेते, माझ्यासारखी चौथी पास नाही. तिला बघायला रविवारी धुळ्याची मंडळी आली होती. माझ्या मोठ्या बहिणीने, सावद्याच्या अक्काने, आणलेलं स्थळ. मुलगा शांत, नोकरीला, बापाला सगळे आबा म्हणतात. इतकी चांगली माणसं की आमच्या घरचे पोहे त्यांनी दुसऱ्यांदा मागून खाल्ले. आता मला सांगा, असं स्थळ रोज येतं का?

जाताना आबा म्हणाले, "दोन-चार दिवसांत फोन करतो. नंबर कोणाचा देता?"

आमच्या ह्यांनी खिशात हात घातला, तेवढ्यात मी म्हणाले, "माझा घ्या. लेकीचं बोलणं आईशीच व्हायला पाहिजे."

झालं. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा.

सोमवारी संध्याकाळी मी मेथी निवडत होते. टीव्हीवर बातमी लागली. परदेशातली एक बडी फोनची कंपनी, तिने दुसऱ्या कंपनीला कोर्टात ओढलंय. म्हणे काचेवर बोट फिरवलं की कुलूप उघडतं, ही युक्ती आमची, तुम्ही ती चोरली. खाली मोठ्या अक्षरांत पट्टी, तंत्रज्ञानाची चोरी. अन् मग चोर कंपनीची खूण दाखवली. मी मेथीची जुडी खाली ठेवली. तीच खूण माझ्या फोनच्या पाठीवर. जयश्रीच्याही फोनवर तीच. दोघींचे फोन एकाच वेळी घेतले होते, धुळ्याला एका लग्नाला गेलो तेव्हा, तिथल्या बाजारातून.

"जयश्री, हे काय म्हणतात?"

"आई, पेटंटचं भांडण आहे. ज्याने आधी शोध लावला तो स्वतःच्या नावावर नोंदवतो. दुसऱ्याने न विचारता वापरला की दावा लावतात."

"न विचारता वापरला म्हणजे चोरीच ना?"

"तसं म्हणतात. पण ती कंपन्या-कंपन्यांची गोष्ट आहे."

"अन् माल कोणाच्या हातात आहे?"

आमचे हे जेवता जेवता म्हणाले, "तू गप बठ. तठे अमेरिकामा भांडण चालू शे, तुना काय संबंध?"

संबंध काय म्हणे. जळगावात जन्म काढला अन् हे विचारतात. माझा भाऊ सराफ बाजारात दागिन्यांना पॉलिश करायचा. त्याच्या शेठने एका बाईकडून सोन्याची पोत विकत घेतली, रोख पैसे देऊन, चारचौघांसमोर. पोत निघाली चोरीची. चोराला पकडलं तर त्याने थेट दुकानाकडे बोट दाखवलं. पोलीस आले, पोत नेली अन् शेठलाही नेलं. शेठने चोरी केली होती का? नाही. पण माल त्याच्या हातात होता. आमच्या गावात सोनं घेणाऱ्याला पोरंसोरंसुद्धा हे सांगतात, की चोरी कोणी का करेना, माल ज्याच्याकडे सापडतो तो आत जातो.

मग फोनला वेगळा कायदा आहे का? तुम्हीच सांगा. जयश्री म्हणाली, "आहे." मी म्हटलं, तू वकील कधी झालीस?

मंगळवारी सकाळी बातमी आणखी फिरली. दुसऱ्या कंपनीने पहिलीवर उलटा दावा लावला, की तुम्हीच आमची युक्ती चोरली. त्यात तिसरी कंपनी घुसली, ती म्हणे दोघींनी माझी चोरली. म्हणजे फिर्यादीही चोर, आरोपीही चोर अन् साक्षीदारही चोर. न्यायाधीशांनी काही फोनांची विक्री बंद करा असा हुकूम दिला. मी म्हटलं, आज विक्री बंद, उद्या पंचनामा.

मग मी वाट बघितली नाही. जयश्री अंघोळीला गेली, तिचा फोन घेतला. ह्यांचा फोन तिसऱ्या कंपनीचा निघाला, तोही घेतला. माझा मिळवून सगळे बंद केले, पातळाच्या फडक्यात बांधले अन् गव्हाच्या कोठीत हात घालून पार तळाला सोडले. एरंडेल लावलेले गहू, हात कोपरापर्यंत तेलकट झाला. पण मनाला कसं निवांत वाटलं.

जयश्रीने घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, "लग्न ठरेपर्यंत फोन मिळणार नाही."

"लग्न ठरल्याचं कळणार कसं?"

"कळेल. देव आहे."

बघा, पोरगी किती सरळ बोलली होती. पण त्या वेळी मला वाटलं, शिकलेल्या मुलींना उलट बोलायची सवय असते. आमचे हे मात्र खूश. मिलच्या मुनिमाचा फोन येणार नाही म्हणून त्या दिवशी शीळ वाजवत कामावर गेले.

अन् मी एकटीच शहाणी कशी राहणार? शेजारच्या शोभाला सांगितलं. शोभाच्या पोटात गोष्ट राहत नाही. दुपारपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांचे फोन गायब. शोभाने स्वतःचा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला. ती बरणी पूर्ण रिकामी नव्हती, हे तिला नंतर कळलं. एकीने पापडाच्या डब्यात ठेवला, एकीने देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे. शोभा म्हणाली, "कोकिळाताई, तुमच्यामुळे वाचलो." मला तर वाटलं, पुढच्या वेळी नगरसेवक म्हणून उभं राहावं.

गुरुवार उजाडला. जयश्री शिकवणीला गेली होती. मी दारात बिबडे उलटत होते, ज्वारीचे पापड, उन्हात घातलेले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी खाकी दिसली. खाकी पँट, खाकी शर्ट, छातीवर बिल्ला. एकेका दाराकडे बघत थेट माझ्याकडे आला.

"कोकिळाबाईनं घर हाईच शे का?"

माझ्या हातातला बिबडा तिथेच मोडला. मी म्हटलं, "नाही."

"मंग त्या बाई कोठे राहस?"

"गाव सोडून गेली म्हणतात. पत्ता ठाऊक नाही."

"मी धुळाना शे. तिना फोन बी बंद शे."

धुळ्याचा. म्हणजे त्या दुकानदाराने नाव सांगितलं. सराफ बाजारासारखंच झालं, चोराने बोट दाखवलं. तुम्ही म्हणाल, धुळ्याचा म्हटल्यावर सोयरे का नाही आठवले? अहो, सोयरिकीला खाकी घालून कोणी येतं का?

"कसला फोन?" मी म्हटलं. "आमच्या गल्लीत कोणाकडेच फोन नाही."

त्याने समोर बघितलं. शोभा तिच्या दारातून मान हलवत होती, नाही नाही म्हणून. तिच्या हाताला लोणच्याचा मसाला.

"मंग जयश्री नावनी पोर? ती तं आठेच राहस ना?"

फोनची पावती जयश्रीच्या नावावर होती. लेकीला पोलीस ठाण्यात नेतात की काय, ह्या भीतीने माझी जीभ सुटली ती थांबेना.

"नाही राहत. गेली."

"कोठे गई?"

"मला काय विचारता? सकाळी उठली अन् गेली. फोनही तीच घेऊन गेली. आमचा तिच्याशी काही संबंध नाही."

माणसाचं तोंड उतरलं. हळूच विचारलं, "कोना संगे गई?"

"असेल कोणीतरी. तुम्ही शोधा, तुमचं कामच आहे ते."

तो पायरीवर बसला. पाणी मागितलं. मला नवल वाटलं, असा कसा हा पोलीस, धमकी नाही, शिवी नाही. मी तांब्या दिला. पाणी पिऊन तो स्वतःशीच म्हणाला, "आते आबाले काय सांगू मी?"

मी समजले, आबा म्हणजे त्याचे मोठे साहेब असणार.

तो गेला. शोभा धावत आली, आम्ही दोघींनी एकमेकींचे हात धरले. काय सफाईने परतवलं म्हणून मी स्वतःवर इतकी खूश, की गूळ घालून चहा केला.

संध्याकाळी सावद्याहून अक्का आली. न कळवता. कळवणार कुठून म्हणा. बसमधून उतरून तशीच तरातरा आली, चप्पलसुद्धा काढली नाही.

"जयश्री कुठेय?"

"ती काय, आत भाकरी टाकतेय."

अक्काने आत डोकावून बघितलं. मग भिंतीला टेकून खालीच बसली.

"मग पळून कोण गेलं?"

"कोण पळून गेलं?"

"मला विचारतेस? तुम्ही फोन उचलत नाही म्हणून आबांनी सकाळी मला फोन केला. मी तुझ्या शेजारणीला लावला, तोही बंद. सगळी गल्ली बंद. आबांचा भाऊ एसटीवर ड्रायव्हर आहे, त्याची आज जळगावची गाडी होती. आबांनी त्याला सांगितलं, ड्युटीवर जातोच आहेस तर घरी डोकावून ये. त्याला दारातल्या बाईने सांगितलं, मुलगी सकाळीच कोणाबरोबर तरी निघून गेली, आमचा संबंध नाही. कोण होती ती बाई?"

जयश्री पिठाचे हात घेऊन चुलीपासून उठली. आमचे हे नुकतेच मिलमधून आलेले, एक बूट हातात, एक पायात. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी कोठीत हात घातला. फडकं सोडलं. चार्जिंगच्या भोकातून गहू निघाला. फोन चालू झाला अन् आबांचे रेकॉर्ड केलेले निरोप एकामागून एक वाजायला लागले.

पहिला निरोप मंगळवारचा, आनंदात बोललेले. "राम राम ताई. पोऱ्याले पोर पसंत शे, बठ्ठा घरले पसंत शे. रविवारी सुपारी फोडाले येतस आम्ही."

मधले तीन-चार नुसते, "ताई, फोन कसाले बंद शे?"

अन् शेवटचा त्याच दुपारचा. "ताई, मना भाऊ तुमना दारवर जाई उना. आते काही बोलानं राहिनं नही."

जयश्रीने परत जाऊन भाकरी उलटली. ती करपली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. मी, हे अन् अक्का. आबांच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं, कंपनी, सराफ बाजार, कोठी, काहीच लपवलं नाही. समोर तो खाकीवाला भाऊ, आज पांढऱ्या सदऱ्यात. मी बोट फिरवून कुलूप कसं उघडतं ते दाखवलं तेव्हा आबा इतके हसले की टोपी काढून डोळे पुसले. मुलगाही दाराआडून हसत होता. आतून चहा आला. अक्काने माझ्या मांडीला चिमटा काढला, म्हणजे जमलं.

मग आबांनी कप खाली ठेवला. "ताई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"पोलीस आले असं वाटल्यावर तुम्ही स्वतःला लपवलं, ते समजलं. पण फोन पोरीने नेला, असं पोरीच्याच नावावर कसं टाकलं?"

मी तिला वाचवायला बोलत होते. पण बोलले ते आबा म्हणतात तेच. त्या वेळी गप बसायचं होतं हो. नुसतं खाली बघायचं होतं. पण मला गप बसता आलं असतं तर मी ही गोष्ट कशाला सांगत बसले असते?

मी म्हणाले, "मग तुमच्या भावाने तरी खाकी घालून यायचं कशाला? लोक सोयरिकीला कपडे करून येतात."

तो भाऊ खाली मान घालून म्हणाला, "मी ड्युटीवर व्हतू, ताई."

आबांनी कप परत उचललाच नाही. बसस्टँडपर्यंत अक्का माझ्यापासून चार हात लांब चालत होती.

काही महिन्यांनी टीव्हीवर त्याच कंपन्यांची बातमी आली. कोर्टाबाहेर तडजोड झाली म्हणे. सगळे दावे मागे घेतले, कोट घातलेली माणसं हसत हसत हात मिळवत होती. बघा. ते एकमेकांना चोर म्हणाले, त्यांचं जुळलं. आमचं मोडलं.

जयश्री शेजारी बसली होती. वह्या तपासत होती. तिच्यासाठी तसं दुसरं स्थळ अजून आलेलं नाही, अन् आम्ही दोघी तो विषय काढत नाही. पण त्या दिवशी मला राहवलं नाही.

"खरं सांग जयश्री, चूक कोणाची? कंपनीची, टीव्हीवाल्यांची, की त्या खाकीची?"

तिने वहीवरून मान वर केली नाही.

"त्या दिवशी त्या खाकीवाल्या काकांनी दारात एका बाईबद्दल विचारलं होतं ना? तू म्हणालीस गाव सोडून गेली, पत्ता ठाऊक नाही."

"हो. मग?"

"ती गेली असती तर बरं झालं असतं. तिचीच चूक."

"कोणाची?"

"कोकिळाबाईची."