गोठ्याच्या भिंतीवरची वासरं

महादेवपुऱ्याच्या बाजूला अक्कांचा मळा आहे. मळा म्हणायचं एवढंच, आता उरलंय जुनं घर, रिकामा गोठा आणि तीन नारळ. बाकी चहूकडे काचेची ऑफिसं. घर पाडून तिथे फ्लॅट होणार आहेत. त्याआधी घराची मापं घेऊन, फोटो आणि नकाशे काढून सगळं कागदावर ठेवायला एक मुलगी येणार, असं अक्कांच्या लेकाने सांगितलं. मी तिथे अकरा वर्षं स्वयंपाक आणि झाडलोट करते.

अक्का तेव्हा दोन दिवस लेकीकडे जे. पी. नगरला गेल्या होत्या. घरात माणूस येणार, तेही फोटो काढायला, म्हटल्यावर माझे हात गप्प बसेनात. अंगण सारवलं, दारं पुसली. गोठ्याच्या भिंतीवर गेरूची टिंबं आणि रेघा होत्या, खालपासून वरपर्यंत. कशाच्या ते मी कधी विचारलं नव्हतं. मला विचारायला जमतच नाही. म्हटलं, ही घाण फोटोत यायला नको. चुना मारून टाकला. भिंत इतकी छान दिसायला लागली की मी उगीचच दोनदा जाऊन बघून आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या, पाठोपाठ टेप घेऊन ती मुलगी. पुण्याची होती. अक्का पाणीसुद्धा न पिता तिला गोठ्यात घेऊन गेल्या आणि दारातच थांबल्या. मग कानडीत जे सुरू झालं ते बराच वेळ चाललं. आधी त्यांच्या सासूने आणि मग त्यांनी या घरात जन्मलेल्या प्रत्येक वासराची खूण तिथे केली होती. कालवडीला टिंब, गोऱ्ह्याला रेघ. घर जाऊ दे, पण ही भिंत तरी कागदावर राहावी, म्हणून तर त्या मुलीला बोलावलं होतं.

मुलीला कानडी येत नव्हतं. तिने मला विचारलं, "ताई, काय म्हणाल्या?"

"भिंतीला नवा चुना आहे म्हणतात."

"एवढंच? किती वेळ बोलत होत्या!"

"सविस्तर म्हणाल्या."

अक्कांना मराठी बोलता येत नाही, पण कळतं सगळं. त्या म्हणाल्या, "पूर्ण सांग. तुला गाढवी म्हणाले, तेही सांग."

मी खाली बघून सगळं सांगितलं, गाढवीसकट. मुलगी हसली, पण अक्का गव्हाणीच्या काठावर बसल्या तसं तिने हसू आवरलं. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता काढा पांढऱ्या भिंतीचा फोटो."

मला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तेवढ्यात आठवलं, चुना ओला होता तोवर खालचा गेरू दिसत होता, वाळल्यावर गेला. मी बादली आणली आणि तांब्याभर पाणी भिंतीवर मारलं. चुन्यातून लाल टिंबं हळूहळू वर आली. अक्का उठल्या.

मग एकच धांदल. मी पाणी मारायचं, अक्कांनी बोट ठेवून सांगायचं, मुलीने फोटो घेऊन वहीत उतरवायचं, आणि मधे कानडीचं मराठीही मीच करायचं.

"हा आमच्या यांना लाथ मारून पळालेला."

"ताई, डावीकडे! वाळतंय!"

"ही जुळ्यातली. अगं, स्वल्प हळू मार, मी काय तुळस आहे?"

दुपारपर्यंत अक्का आणि मी दोघी चिंब झालो. एक रेघ कोणाची ते अक्कांना काही केल्या आठवेना. मुलीने तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. बाकी सगळी वासरं कागदावर आली.

शेवटी मुलगी म्हणाली, भिंतीवर कधी काय केलं तेही नकाशावर लिहायचं असतं. लिहिता लिहिता ती मोठ्याने वाचत होती, "चुन्याचा एक हात, याच आठवड्यातला, घरात काम करणाऱ्या ताईंनी..."

"दोन हात," मी म्हणाले. "वरचा नीळ घालून."

इतक्या जोरात बोलले की माझं मलाच कसंतरी झालं. अक्का पदर पिळत होत्या. त्यांनी मुलीकडे बघून मान हलवली.

"सरी, बरोबर. नीळ पण लिही म्हणावं."