जोडीदारणीची शंका

नसीमचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. "बाई गेल्या," एवढंच ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "गुरुवारच्या वर्गाचं काय?" बाईंशिवाय कोण येणार, हीच धास्ती होती.

सदाशिव पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कुमुदबाई दुपारी आमच्यासारख्यांचा दहावीचा वर्ग घ्यायच्या. आमच्यासारख्या म्हणजे लग्नापायी शाळा सुटलेल्या, पोरांच्या परीक्षा उरकून आता स्वतः बसायला निघालेल्या बायका. बाई थोडं शिकवायच्या, जोड्या लावायच्या, दोघींत एकच पुस्तक द्यायच्या आणि दाराबाहेर खुर्ची टाकून शेंगा सोलत बसायच्या. अडलं तर बाहेर जायचं. पण स्वतःची शंका विचारायची नाही, जोडीदारणीची विचारायची. हा कुठला नियम, असं सगळ्यांनाच वाटायचं.

माझी जोडी नसीमशी. ती साड्यांना फॉल लावायची, मी विद्यार्थ्यांचे डबे करायचे. ती गणितं भराभर उरकायची आणि मी पहिल्याच कंसात अडकलेली. ही पुढे पळते, तुम्हीच समजावा, म्हणून मी बाईंकडे गेले. त्यांनी मानही वर केली नाही. "अहो, तिला सांगा थांबायला. मला सांगून ती कशी थांबेल?"

सांगितलं. नसीम थांबली, जरा फणकाऱ्यानंच. कंसाआधी वजा असला की आतली चिन्हं उलटतात, हे तिला पाठ होतं. का उलटतात, ते मात्र तिलाही माहीत नव्हतं. झालं, आता ती शंका मी विचारायची, म्हणजे आधी मला कळायला हवी! डोकी एकत्र घालून बसलो. मग मी बाहेर जाऊन सांगू लागले, की समजा दहा पोळ्या आहेत, तीन वाढल्या, पण त्यातली एक परत आली... आणि तिथंच थबकले. परत आलेली पोळी डब्यात जमाच होते की.

"थांबा बाई, कळलं," म्हणत मी मागे वळले.

"मी कुठे पळतेय?" पाठीमागून आवाज आला.

आम्ही दोघी पास झालो. मी, आणि गणितात! तो आनंद अजून उतरलेला नाही. पुढे बाईंच्या हाताखाली आम्हीही वर्गावर जाऊ लागलो.

गुरुवारी कुलूप उघडलं. बायका आल्या. नसीमनं जोड्या लावल्या. बाहेरची खुर्ची रिकामीच राहिली, आम्ही दोघी दारातच उभ्या. तिच्यावर बसायचा धीर कुणालाच होईना. थोड्या वेळानं यंदाच्या वर्गातल्या दोघी सवयीनं बाहेर आल्या. "बाई, हिला असं विचारायचंय, की..." आणि खुर्ची पाहून एकीचा आवाज तुटला. मी पुढे होणार, तेवढ्यात नसीमनं माझा हात धरला. त्या बाईनं डोळे पुसले, खुर्चीकडेच बघत प्रश्न सावकाश पुरा करत आणला आणि मधेच जोडीदारणीकडे वळली. "अगं, म्हणजे हे असं आहे होय?"

दोघी बोलत बोलत आत गेल्या. खुर्ची आम्ही तिथेच ठेवली आहे.