कापसाचे खांदे

राजारामपुरीत मी दुकान टाकलं तेव्हा वडील म्हणाले, "ह्यो काय अवतार!" त्यांचा जन्म शाहूपुरीत पैलवानांचे नेहरू शर्ट आणि नवरदेवांचे कोट शिवण्यात गेलेला, आणि मी जीनच्या कापडाची बाराबंदी शिवत होतो. छातीवरचे बंद जुनेच. खांदा मात्र उतरता, अंगात ढगळ, बाजूला मोठे खिसे. कॉलेजच्या पोरांच्या उड्या पडायच्या. वडील नाक मुरडायचे. मुरडू देत की!

धाकटा भाऊ पैलवान. त्याच्या मानेला रेडिमेड कॉलर कधी बसली नाही. दोन हजार सालानंतर त्याच्या किडन्या गेल्या आणि गडी असा वाळला, की मापं घेताना माझ्यानं टेप धरवेना. तोंड मात्र पहिल्यासारखंच चालायचं.

दसऱ्याला तालमीत मातीची पूजा असते, जुने-नवे सगळे पैलवान जमतात. तो म्हणाला, "दादा, मला जायचं हाय. पण कुणी अरेरे म्हणलेलं चालायचं न्हाय. काय बी कर."

"जादूगार हाय काय मी?" मी खेकसलो. पण बसलो शिवायला. बाराबंदी ढगळच ठेवली, आणि कोटाच्या खांद्यात कापूस कसा बसवायचा ते वडिलांनी दाखवलं. खांदे, छाती, पाठ, सगळीकडं थर दिले. बापलेक पहिल्यांदाच एका कपड्यावर बसलो होतो, तो असला कपडा! मला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून रागही येत होता.

आरशात बघून भाऊ हसला. तालमीत ताठ चालत गेला. कुणी अरेरे म्हणालं नाही. तो वस्तादांच्या पाया पडून उठला, आणि त्यांनी सवयीनं खांद्यावर दणकन थाप मारली. पैलवानाला तालमीत हात लावूनच बघतात, हे आम्हा दोघा शिंप्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं! हात कापसात रुतला. वस्तादांनी तो तसाच ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाले, "अजून दगड हाय की रं!"

मला वाटलं, सुटलो.

परतताना रिक्षात त्यानं बंद सोडले. "वस्तादांना कळलं," म्हणाला.

"अरे, कौतुक केलं की त्यांनी."

"तेच की. कुस्ती मारून आलो तरी शिव्याच घालायचे. आजवर एकदा बरं म्हणलं न्हाईत." तो माझ्याकडं वळला. "खरं सांग दादा, डॉक्टर तुला काय म्हणालाय?"

मी रिक्षावाल्याला हळू चालव म्हणालो.