तायडे सर आणि तुरीतली हाक

प्रल्हादराव तायडे सरांची आणि माझी ओळख एका बाईमुळे झाली, जी तिथं नव्हतीच. कृषी सहायक म्हणून मी दर्यापूर भागात नुकतीच रुजू झाले होते. दिवस मावळतीला आला होता. डोक्याच्या वर गेलेल्या तुरीत शिरले, तर कोणी बाई ओरडली, "हाऽऽत रे! हाऽऽत!" रोही, म्हणजे नीलगाई, हाकलत असेल, असं समजून मी आवाज दिला. ओ आली नाही. तुरीच्या दोन ओळी पुढं गेले, तर तोच आवाज माझ्या मागून आला. मग हळू, अगदी घरातल्यासारखा: "अवो, या आता घरी, चा झाला." भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्या वेळी माझी पाचावर धारण बसली होती.

तेवढ्यात पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ हातात पाना घेऊन आले. "काय पाहून राहिल्या मॅडम?"

"त्या बाई कुठं आहेत?"

त्यांनी खांबावरच्या पेटीकडे बोट केलं. "ते आमची मंडळी होय. दोन सालं झाले तिले जाऊन."

हेच तायडे सर. बडनेऱ्याच्या एका तंत्रशाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी कमलकाकू बांधावरून ओरडायच्या तेव्हा रोही शेजारच्या वावरात शिरायचे, पण यांच्या वावरात यायचे नाहीत. सरांनी काकूंचा आवाज मोबाइलमध्ये भरला आणि सौर पाटी, भोंगा, घड्याळ जोडून पेटी केली. भरताना बंद करायचं राहिलं, म्हणून काकूंची चहाची हाकही त्यात आली. काकू गेल्यावर ती कापायला सरांचा हात धजला नाही.

पेटीवर सरांनी कधी हक्क सांगितला नाही. राजापेठेतल्या दुकानात मिळणाऱ्या सामानातून ती कशी जोडायची, हे गावोगावच्या बचत गटांना शिकवलं. आवाजाचं कार्ड मात्र सगळ्यांना काकूंचंच हवं असायचं. पाहता पाहता अकोल्यापासून अंजनगाव सुर्जीपर्यंत, दिवेलागणीला, माणूस नसलेल्या शिवारांतून काकू हाका मारू लागल्या. तूर, हरभरा वाचू लागला. चहाची हाक ऐकून लोक वावरातून घरी निघायचे.

सरांची माया मी स्वतः अनुभवली आहे. माझे वडील अकोल्याला दवाखान्यात होते, तेव्हा सर रोज गाडीनं डबा घेऊन यायचे. "भाकर थंडी झाली असन, पन खा," एवढंच बोलायचे आणि परतीची गाडी धरायचे.

मग एका हंगामात शांताबाई नावाच्या शेतकरीण सरांकडे आल्या. त्यांचा हरभरा पार गेला होता. म्हणाल्या, "सर, काकू ओरडून राहिली अन् रोही तिच्या खांबापाशी बसून हायत."

आम्ही संध्याकाळी जाऊन पाहिलं. पेटी ओरडत होती आणि रोही तिच्याभोवती बसून रवंथ करत होते. आमच्याकडे पाहून एकही उठला नाही. एकच आवाज सगळीकडे गेला, तसे जनावरांचे कान त्याला सरावले होते. आवाज बदलायलाच हवा होता. पण सरांना तसं सांगणार कोण?

सरांनीच बचत गटांची बैठक बोलावली. काकूंचा आवाज एकदा सर्वांना ऐकवला आणि मूळ कार्ड स्वतःच्या हातानं पुसलं. "पेटी पिकासाठी केली होती, माह्यासाठी नाई," म्हणाले. मी तेव्हा रडले. सर रडले नाहीत. त्यानंतर ते गावोगाव फिरले. प्रत्येक गावच्या बायांचे, म्हाताऱ्यांचे, कुत्र्यांचे आवाज भरून घेतले आणि ते दर बाजाराच्या दिवशी बदलायची सवय लावली. पिकं पुन्हा वाचू लागली. एक चांगली गोष्ट गावोगाव न्यायची, तर प्रत्येक गावाचा गळा तिला लागतो, हे मी सरांकडून शिकले.

जुनी कार्डं सगळी परत आली. एक आलं नाही. अंजनगाव सुर्जीच्या एका पानमळ्यामागं पडीक रानात ती पेटी अजून आहे. मालक म्हणतो, "काकूले काढाचं मन नाई होत." सर आठवड्यातून एकदा तिथं जातात. परवा मीही गेले होते. उन्हं उतरली. रोही आले आणि माना वर करून पेटीकडे पाहत उभे राहिले, कोणाची तरी वाट पाहावी तसे. पेटी ओरडली. मग हळू आवाज आला, "अवो, या आता घरी, चा झाला."

सर उठले. "आलोच," म्हणाले आणि रस्त्याकडे न वळता रानात चालू लागले. रोह्यांनी बाजूला होऊन वाट दिली. मी धावत जाऊन सरांची बाही धरली. "सर, बस इकडं आहे!"

त्यांनी माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. मग हसले. "हो, हो. चला."

सरांनी नुकतीच पंचाहत्तरी गाठली. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असं आम्ही सगळे मनापासून मागतो. मला मात्र हे मागणं आणखी एका ठिकाणी पोचवायचं आहे. काकू, चहा झाला असला तरी झाकून ठेवा. सरांना यायला अजून पुष्कळ वेळ आहे.